काळ्या मानेचे पाहुणे

सरकारी नोकराला प्रवास ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असते ती फिरती. फिरतीवर निघालेल्या माणसाला नदी दिसत नाही, नदीवरील पुलाचे अंदाजपत्रक दिसते. अरण्य दिसत नाही, त्यातील तोडीचा ठेका दिसतो. आणि वाटेत एखाद्या देवालयापाशी मोटार थांबलीच, तर हात जोडता जोडता त्याचे लक्ष आवारातील अतिक्रमणाकडे गेलेले असते. मी बत्तीस वर्षे नोकरी केली, तीही बहुतेक महाराष्ट्राबाहेर. ओडिशा, बिहार, आसाम आणि अखेर बंगाल अशी बिऱ्हाडे हलवीत मी अर्धा हिंदुस्थान पाहिला, अशी आमच्या पुण्याच्या आप्तांची समजूत आहे. वस्तुतः मी पाहिले ते डाकबंगले. निवृत्तीनंतर कोलकात्यातच राहिलो, आणि एके सायंकाळी घरातून असा प्रस्ताव आला की, ज्याच्या शेवटी भत्त्याचे बिल सादर करावयाचे नाही असा एक तरी प्रवास उभयतांनी करावा. प्रस्ताव मांडणारीच्या हातीच मंजुरीचेही अधिकार असल्यामुळे तो तत्काळ संमत झाला.

भूतानची निवड झाली ती पाखरांमुळे. पाखरे हा माझ्या पत्नीचा विषय. प्रत्येक बदलीत सामानाच्या पेट्या उघडण्याआधी ती नव्या आवारातील पाखरे मोजून येत असे. माझ्या नोकरीचा इतिहास तिला कोणत्या गावी कोणता पक्षी पहिल्याने दिसला यावरून आठवतो. भूतानातील फोब्जिखा नावाच्या उंच दरीत दर हिवाळ्यास तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात, हे तिने कुठेसे वाचले होते. मला स्वतःला ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची. जो देश स्वतःच्या राज्यघटनेत 'साठ टक्के भूमी सर्वकाळ वनाखाली राहील' असे लिहून ठेवतो, त्या देशाचा कारभार चालतो तरी कसा, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे वाटत होते. घटना २००८ सालची; आणि प्रत्यक्षात वनाखालची भूमी सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे उद्दिष्ट मोठे आणि सिद्धी लहान असावयाची. तिथे उलट कसे, हे कोडे मला सोडवत नव्हते.

सियालदहून रात्री गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत हासीमारा येते. तेथून चहाच्या मळ्यांमधून अर्ध्या तासात जयगाव, आणि जयगावच्या गर्दीच्या टोकाशी सीमा. पलीकडे फुंत्शोलिंग. एका भिंतीने हे दोन गाव वेगळे केले आहेत. पण अलीकडचा कोलाहल पलीकडे कसा ऐकू येत नाही, याचे नवल वाटते. पलीकडे गेल्यावर घड्याळ अर्धा तास पुढे करावे लागते, आणि खिशात हात घालावा लागतो. भारतीय प्रवाशाने प्रत्येक रात्रीस बाराशे रुपये भरावयाचे; इतर परदेशीयांना हाच आकार शंभर डॉलर आहे. पूर्वी आपल्यास हा आकार नव्हता. महासाथीनंतर २०२२ च्या सप्टेंबरात देशाची दारे पुन्हा उघडली, तेव्हापासून तो सुरू झाला. 

"सात रात्री, दोन माणसे, सोळा हजार आठशे," पत्नीने तेथेच हिशेब केला. "अहो, पाहुण्याला उंबरठ्यावर पावती देणारे घर मी प्रथमच पाहते आहे."

मला मात्र त्या पावतीत काही वावगे वाटले नाही. १९७४ साली चौथ्या राजांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने या देशाने परक्यांना प्रथम दार उघडले, आणि तेव्हापासून त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरली आहे: पाहुणे थोडे यावेत आणि त्यांनी घराचा खर्च सोसावा. मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग यांची आज जी दशा झाली आहे ती पाहिलेल्या माणसाने या पावतीवर मुकाट्याने सही करावी.

आमच्याबरोबर दोघे होते. एक वाटाड्या, पंचविशीतला, थिम्फूचा; आणि दुसरा मोटार चालविणारा, चाळिशी ओलांडलेला, दक्षिणेकडील सखल मुलखातला. वाटाड्या बोलका, चालक अबोल. दोघेही गुडघ्यापर्यंतचा 'घो' नेसलेले. वाटाड्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ला' जोडी: 'होय-ला', 'सर-ला', 'मॅडम-ला'. हा त्यांच्या भाषेतला आदरार्थी प्रत्यय. दोन दिवसांत आमची सौभाग्यवतीही मला 'चहा घेता-ला?' असे विचारू लागली. बत्तीस वर्षांत एवढा आदर मला प्रथमच लाभत होता.

फुंत्शोलिंगहून थिम्फूस जाणारा रस्ता पाच-सहा तासांचा. १९५८ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू भूतानला आले तेव्हा हा रस्ता नव्हता. गंगटोकहून नाथू ला ओलांडून, तिबेटाच्या चुंबी खोऱ्यातून, तट्टावर बसून आणि पायी चालून ते पारोस पोहोचले. सत्तरीकडे झुकलेला एका खंडप्राय देशाचा पंतप्रधान शेजाऱ्याच्या घरी असा तट्टावरून जातो, ही कल्पनाच आज अद्भुत वाटते. त्यानंतर १९६१ साली आपल्या सीमा-रस्ते संघटनेचा 'दंतक' प्रकल्प उभा राहिला आणि डोंगर फोडून हा रस्ता झाला. तो करताना अनेकांनी प्राण गमावले. वाचकांपैकी कोणी त्या संघटनेत वर्षे काढली असतील तर त्यांना त्या कड्यांविषयी मी काय सांगावे! मोटारीत बसून डोळे मिटून घेणारा मी. ते कडे दोराला लोंबकळून ज्यांनी फोडले त्यांची गोष्ट निराळी.

थिम्फू ही राजधानी, पण तिला रहदारीचे दिवे नाहीत. मुख्य चौकात रंगीत छत्रीवजा चौकीत उभा राहून पांढऱ्या हातमोज्यांचा एक शिपाई नृत्यातल्यासारख्या हातवाऱ्यांनी वाहने वळवितो. शहराच्या कडेला ताकिन नावाच्या त्यांच्या राष्ट्रीय प्राण्यासाठी राखलेले एक कुंपण आहे. ताकिन म्हणजे अंगाने गाय आणि तोंडाने बकरा. पंधराव्या शतकात द्रुक्पा कुनले नावाचा एक अवलिया साधू होऊन गेला. लोकांनी चमत्कार मागितला, तेव्हा त्याने आधी एक गाय आणि एक बकरा यांचा फडशा पाडला, मग गाईच्या सांगाड्यावर बकऱ्याचे शिर ठेवून त्यास 'ऊठ, चर' म्हणाला. तोच ताकिन, अशी कथा. इथे एकेकाळी लहानसे प्राणिसंग्रहालय होते. प्राण्यांना कोंडणे बौद्ध देशास शोभत नाही म्हणून चौथ्या राजांनी ते बंद करून ताकिनांना सोडून दिले. पण ताकिन अरण्याकडे गेलेच नाहीत. ते राजधानीच्या रस्त्यांवर खाद्य शोधीत हिंडू लागले. शेवटी त्यांना पुन्हा कुंपणात घ्यावे लागले. ही हकीकत ऐकून मला आमचे निवृत्त सहकारी आठवले. मोकळे सोडले तरी रोज अकरा वाजता कचेरीच्या आवारात येऊन उभे राहणारे पुष्कळ ताकिन मी पाहिले आहेत.

भूतानचे झोंग मात्र मनावर ठसले. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि जिल्ह्याची कचेरी हे तिन्ही एकाच तटात. अर्ध्या भागात भिक्षू, अर्ध्या भागात कारकून; मधल्या मनोऱ्यात देवता. आपल्याकडे किल्ला पडका, मठ वादात आणि कचेरी सिमेंटची असते. येथे तिन्ही एकाच छपराखाली साडेतीनशे-चारशे वर्षे नांदतात. झोंगमध्ये शिरताना प्रत्येक भूतानी पुरुषाला खांद्यावरून एक लांब उपरणे घ्यावे लागते. सामान्य माणसाचे पांढरे, 'दाशो' किताब असलेल्याचे तांबडे, मंत्र्याचे नारिंगी, आणि पिवळे फक्त राजाचे व धर्मप्रमुखाचे. माझ्यासारख्या जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला हे लगेच समजले. आपल्याकडे लाल शाई कोणाची आणि हिरवी शाई कोणाची यावरून जे कळते, ते येथे खांद्यावरच दिसते. पाटी वाचावी लागत नाही.

थिम्फूहून पूर्वेस निघाले की दोचू ला ही सुमारे दहा हजार फुटांवरची खिंड लागते. येथे एकशे आठ स्तूपांचा समूह आहे. प्रवासी छायाचित्रे घेतात आणि पुढे जातात. पण हे स्तूप का उभे राहिले हे भारतीयाने तरी विचारावे. २००३ च्या डिसेंबरात, भूतानच्या दक्षिण अरण्यात ठाण मांडून बसलेल्या आसाम व बंगालकडील बंडखोरांवर भूतानने आपले चिमुकले सैन्य पाठविले. त्यात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ पुढल्या वर्षी हे स्तूप बांधले गेले. आसामातली नोकरीची वर्षे मला तेथे आठवली. ढग बाजूस झाले तेव्हा उत्तरेस हिमशिखरांची रांग दिसली. पत्नी मात्र पाठमोरी उभी राहून एका लाल फुलोऱ्याच्या झाडावरील पाखरू पाहत होती.

खिंड उतरून खाली आले की पुनाखा. हवा एकदम उबदार, भाताची खाचरे, आणि फो छू व मो छू या दोन नद्यांच्या संगमावर पुनाखाचा झोंग. 'फो' म्हणजे पुरुष, 'मो' म्हणजे स्त्री. १६३७ साली हा झोंग उभा राहू लागला तेव्हा आपले शिवाजीमहाराज सात वर्षांचे होते. बांधणारे शबद्रुंग नवांग नामग्याल हे तिबेटातून १६१६ साली येथे आले आणि विखुरलेल्या खोऱ्यांचा त्यांनी एक देश केला. ते १६५१ साली वारले. पण ही वार्ता सुमारे अर्धशतकभर गुप्त ठेवण्यात आली. शबद्रुंग एकांतसाधनेत आहेत एवढेच सांगितले जाई, आणि बंद दारामागून हुकूम सुटत राहत. एखादे प्रकरण इतकी वर्षे दाबून ठेवून कारभार सुरळीत चालविल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही. १९९४ च्या ऑक्टोबरात वरच्या एका हिमसरोवराचा बांध फुटला आणि फो छूला आलेल्या पुराने या झोंगलाही धक्का दिला. याच नदीकाठी पांढऱ्या पोटाचा बगळा राहतो. सगळ्या जगात हे पक्षी साठही उरलेले नाहीत. आम्ही दोन सकाळी नदीवर बसलो. तो दिसला नाही.

आणि मग फोब्जिखा.

मुख्य रस्ता सोडून ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या दाट रानातून गाडी चढत गेली, एक खिंड ओलांडली, आणि झाडी संपून समोर एक रुंद, सपाट, पिवळ्या गवताची दरी पसरली. हिमालयात सपाट जागा दिसली की डोळ्यांचा विश्वासच बसत नाही. मधोमध पाणथळ, त्यातून नागमोडी वाहणारा प्रवाह, कडेने बटाट्याची काढणी झालेली शेते, आणि वर एका टेकाडावर गांगतेचा मठ. पेमा लिंग्पा या थोर साधूच्या नातवाने १६१३ साली तो स्थापन केला. काही क्षण काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. काय ते पत्नीच्या ध्यानी आले: "येथे खांब नाहीत." खरेच, वस्ती होती, खिडक्यांत दिवे होते, पण विजेचा एकही खांब, एकही तार दृष्टीस पडत नव्हती. क्रौंच मोठे, वजनदार पक्षी. धुक्यात उतरताना तारांना धडकतात. म्हणून या दरीत वीज आणावयाची ठरली तेव्हा तारा जमिनीखालून घालण्यात आल्या. तोपर्यंत लोकांनी सूर्यविजेवर आणि केरोसिनवर भागविले. खर्चाचा आकडा मी मुद्दामच विचारला नाही. अशा टिपणावर आपल्या वित्तविभागाने कोणता शेरा मारला असता हे मला पाठ आहे.

आम्ही उतरलो होतो ते एका शेतकऱ्याचे घर. ठेचून बसविलेल्या मातीच्या जाड भिंती, रंगीत वेलबुट्टीच्या लाकडी खिडक्या, छपरावर वाळत घातलेल्या लाल मिरच्या. घरातली उत्तम खोली देवाची, आणि पाहुण्याला निजावयास दिली तीही तीच. घरधनीण साठीची, गालांवर थंडीने आलेली लाली कायमची मुरलेली. लोखंडी शेगडीपाशी बसवून तिने लोणी-मिठाचा चहा दिला. या चहाला चहा न समजता सूप समजून प्यावे, म्हणजे तो आवडतो. जेवणात तांबडा भात आणि 'एमा दात्शी', म्हणजे चीजमध्ये शिजविलेल्या मिरच्या. मिरची येथे मसाला नव्हे, भाजी. कोल्हापूरच्या माणसालाही क्षणभर गहिवरून यावे असा तो पदार्थ आहे.

वाटाड्याला दुभाषी करून मी तिला विचारले, "क्रौंचांचा तुम्हाला काही उपयोग होतो का?"

ती हसली. वाटाड्याने भाषांतर केले: "आजी म्हणते, पाहुण्यांचा कोणी उपयोग विचारतो का-ला?"

पण मग तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि आपण होऊन बोलू लागली. पाणथळ बुजवून तेथे बटाटा लावला असता तर उत्पन्न वाढले असते. ते करता येत नाही. रानडुकरे येतात, एका रात्रीत शेत उपसून टाकतात. त्यांना मारता येत नाही. हंगामात माचाणावर बसून रात्रभर आरोळ्या द्याव्या लागतात. पूर्वी घरात आरोळ्या द्यावयास तीन मुलगे होते. आता एक थिम्फूत कचेरीत आहे, एक परदेशी, आणि तिसरा गाडी घेऊन बटाटे फुंत्शोलिंगच्या लिलावात नेतो. ती तक्रार करीत नव्हती. हवामान सांगावे तसे सांगत होती. क्रौंचांच्या निमित्ताने आमच्यासारखे लोक येतात, त्यातून चार पैसे मिळतात, हेही तिने सांगितले. पण आधी खर्चाची बाजू सांगितली, मग जमेची. हिशेब लिहिण्याची ही पद्धत प्रामाणिक माणसाची.

तिची नात सहा-सात वर्षांची. दर साल ११ नोव्हेंबरला मठाच्या अंगणात क्रौंचांचा उत्सव होतो. १९९८ पासून तो चालू आहे. शाळेतली मुले पांढरे पंख आणि काळी मान लावून नाचतात. आम्ही पोहोचलो ते उत्सवानंतर आठवड्याने, त्यामुळे तो हुकला. हे कळताच पोरीने शेगडीभोवती, लोकरी मोज्यांवर, आम्हाला तो नाच करून दाखविला. मान पुढे, हात मागे, एक उडी, एक गिरकी. क्रौंच नाचतात ते खरेच. पण ही पोर क्रौंचाहूनही गंभीर चेहऱ्याने नाचत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दरीच्या काठाशी जाऊन उभे राहिलो. गवतावर पांढरे दहिवर, श्वासाची वाफ, आणि धुके एवढे की हातभर अंतरावरचे कुंपण दिसेना. आधी आवाज आला. तुतारी फुंकावी आणि ती मध्येच चिरकावी तसा, दोघांनी एकमेकांना साद घालावी तसा. मग धुके वर उचलले गेले आणि पाणथळात ते उभे दिसले: माणसाच्या छातीइतके उंच, राखट पांढरे अंग, मान आणि डोके काळे, माथ्यावर कुंकवाएवढा लाल ठिपका. सगळे क्रौंच शास्त्रज्ञांना ठाऊक झाल्यावर अगदी शेवटी याची नोंद झाली, १८७६ साली, प्रझेवाल्स्की या रशियन प्रवाशाकडून. येथल्या गवळ्यांना अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून तो ठाऊक होता; पण ते नियतकालिकांत लिहीत नसत. वाल्मीकींचा क्रौंच तो हा नव्हे. जाणकार त्याला सारस मानतात. तरीही एक जोडी एकमेकांजवळ चोच खुपसून चरताना पाहिली, तेव्हा त्या व्याधाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

ते जे खात होते ते ठेंगण्या बांबूचे कंद. उन्हाळ्यात गावाची गुरे आणि घोडी हाच बांबू वरून चरतात, त्यामुळे तो माजत नाही आणि दरी मोकळी राहते. हिवाळ्यात क्रौंच येऊन खालचे कंद उकरतात. म्हणजे गुरे हलविली तर बांबू माजेल आणि क्रौंचांना उतरावयास जागा राहणार नाही. अरण्य राखावयाचे तर माणूस बाहेर काढावा, असे आपल्याकडील कित्येक राखीव वनांच्या बाबतीत धरून चालण्यात आले. त्या मताच्या कोणीही एक पहाट या कुंपणाशी उभे राहावे. आणखी एक गोष्ट वाटाड्याने सांगितली, ती मला अधिक आवडली. खरी थंडी पडली की गावातील पुष्कळ माणसे आणि मठातील भिक्षू खाली वांग्दीकडील उबदार मुलखात उतरतात. म्हणजे पाहुणे भर वस्तीला येतात तेव्हा यजमान घर त्यांच्या स्वाधीन करून गेलेले असतात!

येताना आणि परतताना हे पक्षी गांगतेच्या मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, अशी दरीतील श्रद्धा आहे. जड अंगाचे पक्षी तापलेल्या हवेवर घिरट्या घालीत उंची गाठतात, आणि टेकाडावर अशी हवा चढती मिळते, हे मी पत्नीला समजावून सांगू लागलो. "मग त्यांनी हेच टेकाड का निवडले?" तिने दुर्बिणीतून डोळा न काढता विचारले. मी तो विषय पुढील चौकशीसाठी राखून ठेवला.

माहितीकेंद्राच्या आवारात पंखास इजा झालेला एक क्रौंच जाळीत ठेवला होता. बाहेर थवा उडाला की तो मान उंच करी. तेथे आम्ही फार वेळ थांबलो नाही.

परतीच्या वाटेवर वाटाड्या आपले बेत सांगत होता. मार्चमध्ये तो पर्थला जाणार. बायकोला तिकडे शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे, तो बरोबर जाऊन मिळेल ते काम करील. अलीकडच्या वर्षांत हजारो तरुण भूतानी असे ऑस्ट्रेलियात गेले आहेत. शिक्षक गेले, परिचारिका गेल्या, कचेऱ्यांतील अधिकारीही गेले. "परत येणार ना?" पत्नीने विचारले. "येणार-ला," तो म्हणाला, आणि थोडे थांबून, "क्रौंच येतात तसा."

चालकाने या वेळेपर्यंत आमच्याशी दहा वाक्येही बोललेली नव्हती. घाट उतरताना एका टपरीपाशी चहाला थांबलो. वाटाड्या फोनवर होता. टपरीवाल्या बाईशी चालक नेपाळीत बोलत होता. सैल, हसरा, निराळाच माणूस. आसाम-बंगालात राहिल्यामुळे मला नेपाळी थोडी समजते. मीही दोन शब्द बोललो. तेव्हा तो माझ्याशी बोलला.

दक्षिण भूतानात तीन-चार पिढ्या राहिलेल्या नेपाळी भाषिकांपैकी तो. त्याच्या लहानपणी शाळेत नेपाळी शिकवीत. १९८९ च्या सुमारास ती बंद झाली आणि त्याच साली घो सर्वांना सक्तीचा झाला. त्याआधी १९८५ चा नागरिकत्वाचा कायदा झाला होता आणि १९८८ ची शिरगणती. १९५८ साली आपण या देशात होतो, हे ज्याने त्याने सिद्ध करावयाचे होते, आणि पुरावा म्हणून त्या वर्षाची सारापावती दाखवावयाची होती. "माझ्या बापाने कागद जपले होते, साहेब. देवाच्या पेटीत, कापडात गुंडाळून. काकांकडेही होती पावती. पण पुढल्या-मागल्या सालची. ५८ ची नव्हती." बाप राहिला. काका गेले. नव्वदीच्या आरंभीच्या त्या वर्षांत सुमारे लाखभर माणसे देशाबाहेर पडली आणि पूर्व नेपाळातील छावण्यांत जाऊन राहिली. वेताच्या आणि प्लॅस्टिकच्या झोपड्यांत सतरा-अठरा वर्षे. २००७ पासून त्यांना इतर देशांत वसविणे सुरू झाले. बहुतेक अमेरिकेत गेले. काका तिकडे वारले. चुलतभाऊ फोनवर बोलतात. "त्यांची मुले नेपाळी बोलतात?" मी विचारले. "समजते त्यांना," तो म्हणाला. "उत्तर इंग्रजीत देतात."

मी चहाचा पेला हातात धरून उभा होतो. सारापावती हा कागद कसा असतो, हे मला सांगावयास नको. असे कागद मी आयुष्यभर पाहिले: वाळवीने खाल्लेले, पुरात भिजलेले, अंगठ्याच्या ठशाने काळवंडलेले. खेड्यातल्या घरी तो सापडणे हा योगायोग असतो, हे प्रत्येक महसुली माणूस जाणतो. आणि १९५८! पंडितजी तट्टावरून या देशात पाहुणे म्हणून आले तेच हे वर्ष.

चार दिवस मी ज्या गोष्टीचे मनोमन कौतुक करीत होतो, ती एक वेष, एक रीत, एका नजरेत ओळखू येणारे उपरणे, ती आता मला इतकी सरळ दिसेना. आठ लाखांच्या आसपास वस्तीचा, दोन अवाढव्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेला देश स्वतःला राखू पाहतो, त्यात त्याचे काही चुकते असे परक्याने बसल्या जागी म्हणू नये. सिक्कीमचे १९७५ साली काय झाले ते त्याने डोळ्यांदेखत पाहिले होते. पण त्या चालकाच्या काकांचा खर्च कोणत्या पानावर लिहावयाचा? आपण सारे परमुलखात राहिलेले लोक. आमच्या कोलकात्याच्या मंडळात रविवारी मुलांना मराठी शिकवितात. पोरे कंटाळतात, आईबाप दटावतात, आणि गणपतीत त्यांच्याकडून दोन आरत्या पाठ म्हणवून घेतात. यास कोणी हरकत घेत नाही. तुम्ही येथले कधीपासून, ५८ ची पावती दाखवा, असे बंगाल्यांनी आम्हाला कधी विचारलेले नाही. विचारले असते, तर आमच्या घरात तरी ती निघाली नसती.

यावर मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार होतो? त्याने पेला विसळून बाईच्या हाती दिला, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि मोटारीत बसताना घोचा कमरपट्टा नीट केला. वाटाड्या येऊन बसताच तो पुन्हा पूर्वीसारखा गप्प झाला.

फुंत्शोलिंगला लिलावाच्या आवारापाशी मालमोटारींची रांग लागली होती. बटाट्यांची पोती, कोबी, आणि सफरचंदांच्या पेट्या. हिंदी, बंगाली, नेपाळी, जोंगखा अशा चारही भाषांत एकाच वेळी भाव चालले होते आणि सर्वांना सर्व समजत होते. घरधनिणीचा तिसरा मुलगा येथेच कुठे असेल म्हणून पत्नी मान वळवून पाहत राहिली. ओळखणार कसे, हा प्रश्न तिला पडला नाही. घड्याळे अर्धा तास मागे केली. वाटाड्याने सामान उतरवून घेतले, चालकाने ते दारापर्यंत आणून दिले. त्यापुढे पायी जावयाचे होते.

पत्नीने त्याला विचारले, थवा पुरता केव्हा जमतो, आणि निघतो केव्हा?

"जानेवारीत सगळे असतात," तो म्हणाला. "पण रस्त्यावर बर्फ असते. फेब्रुवारी सरता सरता निघू लागतात. निरभ्र सकाळ आणि वारा पाहून निघतात. दिवस सांगता येत नाही."